लोक उत्तर देतील असा सर्व्हे कसा करावा? सांगलीकडच्या कार्यकर्त्यांचे नेहमीचे प्रश्न

सांगली आणि आसपासच्या गावांत पाहणी करणारे विद्यार्थी, बचत गटातल्या ताया, वाचनालयाचे कार्यकर्ते माझ्याकडे प्रश्नावली तपासायला घेऊन येतात. शंका बहुतेक त्याच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. उदाहरणं बरीचशी पुराच्या पाहणीतली आहेत, कारण ते काम मी सगळ्यात जवळून केलं.

लोक उत्तरच देत नाहीत. कंटाळा करतात का?

कंटाळ्यापेक्षा आधीचा अनुभव जास्त आडवा येतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ते ओसरल्यावर नदीकाठच्या गल्ल्यांत लिहून घेणाऱ्यांची रीघ लागली. पंचनाम्याचे कागद वेगळे, मदत देणाऱ्यांची यादी वेगळी, कुणाचा कॉलेजचा प्रकल्प वेगळा. त्या गर्दीत मीही होते. भिंतीवर छातीएवढ्या उंचीला चिखलाची रेघ, कठड्यावर भिजलेल्या गाद्या, आणि मी वही घेऊन दारात उभी. एक आजी भांड्यांतला गाळ खरवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लिवून न्हेल्यालं कुठं जातंय बाई? पाचवी हाईस तू."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्यांच्यासाठी मी लिहून घेत होते त्यांनी त्या कागदांचं पुढे काय केलं, हे मलाही कधी कळलं नाही.

तेव्हापासून मी नवी प्रश्नावली हातात घेतली की आधी हेच विचारते: लिहून नेलेलं कुठे जाणार आहे? याचं एका वाक्यात उत्तर नसेल तर सर्व्हे पुढे ढकला. दारातला माणूस मनातल्या मनात हिशोब करत असतो. माझा वेळ किती जाणार, माझ्या किंवा गावाच्या पदरात काय पडणार, आणि या पोरांवर भरवसा ठेवावा का. अमेरिकेतले डॉन डिलमन यांनी १९७८ मध्ये टपालाने होणाऱ्या सर्वेक्षणांची जी पद्धत मांडली, तीही याच देवाणघेवाणीच्या विचारावर उभी होती. माणसाचा त्रास कमी करा, त्याला मान द्या, विश्वास बसेल असं वागा, म्हणजे उत्तर येतं. पत्राची भाषा आणि आठवणीचं पोस्टकार्ड हा सगळा तपशील त्यातूनच आला.

दारात गेल्यावर पहिली दोन वाक्यं काय बोलावीत?

विद्यार्थी बहुधा असं लिहून आणतात: "आमच्या महाविद्यालयाच्या वतीने नागरिकांच्या आपत्तीविषयक जाणीवजागृतीचे सर्वेक्षण करण्यात येत आहे." हे वाक्य संपेपर्यंत दार अर्धं लागलेलं असतं. त्याऐवजी आम्ही असं बोलतो:

"मावशी, मी सांगलीवाडीतनं आलेय, कॉलेजात शिकते. पाणी वाढलं की तुमच्यापर्यंत खबर कधी पोचते, एवढंच विचारायचंय. दहा मिनिटं लागतील. नाव लिहिणार नाही. आधार, बँक, ओटीपी काही मागणार नाही. यातून मदत मिळणार नाही, ते आधीच सांगते. जे निघेल ते पंधरा दिवसांनी देवळाच्या पारावर वाचून दाखवणार आहे."

'मदत मिळणार नाही' हे वाक्य काढून टाकावं असं अनेकांना वाटतं. ठेवाच. ते बोलल्यावर काही दारं मिटतील, पण जी उघडी राहतील तिथे खरी उत्तरं मिळतील. यादीत नाव लागेल या आशेने दिलेल्या उत्तरात नुकसान फुगतं, घरातली माणसं वाढतात. त्यात त्या माणसाची काही चूक नसते. आपण त्याला चुकीची आशा लावलेली असते.

दहा मिनिटं म्हणालात तर दहाच. पंचवीस लागणार असतील तर पंचवीस सांगा.

बाईच दारात उभं राहून "घरात कुणी न्हाई" म्हणते. मग?

आमच्याकडच्या गावांत हे रोज ऐकायला मिळतं. ती समोर उभी असते, घराची सगळी माहिती तिला असते, तरी ती म्हणते घरात कुणी नाही. लिहून घ्यायला आलेल्यांनी आजवर तिला कधी विचारलेलंच नाही. मालक कुठे आहेत, सातबारा कुणाच्या नावावर, एवढंच विचारून लोक परत गेले.

अशा वेळी परत फिरू नका. "काकी, तुम्हालाच विचारायचंय. पाणी आल्यावर धान्याचा डबा कुणी उचलला, औषधं कुणी गोळा केली, ते तुम्हालाच ठाऊक." असं म्हटलं की ती पदर खोचून उंबऱ्यावर बसते. आणि मग तिने सांगितलेलं इतकं बारकाईचं असतं, की मालकांच्या तासाभराच्या बोलण्यात ते येत नाही. शक्यतो विचारणारी मुलगी असावी. आणि मध्येच दादा आले, "ती काय सांगणार, मी सांगतो" म्हणाले, तर दुसऱ्या कार्यकर्त्याने त्यांना बाजूला घेऊन त्यांचे प्रश्न वेगळे विचारावेत. म्हणून जोडीनेच जा.

सुरुवात नाव, वय, शिक्षण, जात, उत्पन्न यांनीच करायची ना?

नको. पहिल्या पानावर असे रकाने दिसले की माणूस सावध होतो. सरकारी अर्ज भरल्यासारखा बसतो आणि पुढची उत्तरंही तशीच देतो. पहिला प्रश्न सोपा, विषयाचा आणि त्याला बोलावंसं वाटेल असा हवा. आम्ही विचारतो, "२०१९ ला तुमच्या घरात पाणी कुठवर आलं होतं?" सांगलीत या प्रश्नाला उत्तर न देणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. लोक उठून भिंतीवरची खूण दाखवतात.

वय, शिक्षण शेवटी घ्या. उत्पन्न अगदी शेवटी, तेही खरोखर लागत असेल तरच, आणि नेमका आकडा न मागता गटात. जात लागत नसेल तर विचारूच नका. 'असू दे, कधी उपयोगी पडेल' म्हणून घेतलेला प्रत्येक रकाना समोरच्याचा वेळ खातो.

प्रश्न किती असावेत?

ठरावीक आकडा नाही. मोबाइलवर स्वतः भरायचा फॉर्म पाच मिनिटांत संपावा, दारात बसून विचारायचा पंधरा-वीस मिनिटांत. प्रत्येक प्रश्नासमोर लिहा: याचं उत्तर 'होय' आलं तर आपण काय करू, 'नाही' आलं तर काय करू? दोन्हीकडे तेच लिहावं लागलं तर प्रश्न खोडा.

विषयच मोठा असेल तर तुकडे करा. देशातल्या घरखर्चाच्या २०२२-२३ च्या सरकारी पाहणीत हेच केलं गेलं. पूर्वी सगळं एकाच भेटीत विचारत. या वेळी खाण्यापिण्याचं, किरकोळ वापराचं आणि टिकाऊ वस्तूंचं अशा तीन वेगळ्या प्रश्नावल्या केल्या आणि तीन महिन्यांत तीन भेटी दिल्या. एवढी मोठी यंत्रणा माणसाच्या दमाचा विचार करते, मग आपण का करू नये?

प्रश्न प्रमाण मराठीत असावेत की बोलीत?

कागदावर सोपं मराठी, तोंडी समोरच्याच्या वळणाचं. पण खरी गोम मापांत आहे. हेक्टर विचारलंत तर शेतकरी मनात गुणाकार-भागाकार करतो आणि चुकतो. एकर आणि गुंठे विचारा, हेक्टरचा हिशोब आपण घरी करू. पुराची पातळी मीटरमध्ये कुणी सांगत नाही. इथे शाळकरी पोरंही "आयर्विनला किती फूट?" असंच विचारतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे नदीकाठी तोंडपाठ आहे. म्हणून "आपण स्थलांतराचा निर्णय केव्हा घेता?" हा प्रश्न मी खोडला आणि लिहिलं, "आयर्विनला किती फूट झाल्यावर तुम्ही सामान माळ्यावर चढवता? आणि किती फूट झाल्यावर घर सोडता?" आधीच्या प्रश्नाला "परिस्थिती बघून" असं उत्तर यायचं. आता फुटात येतं. एका दादांनी तर उलटं विचारलं, "म्हशी कधी हलवतो, ते न्हाई का विचारणार?" म्हशी माणसांच्या आधी हलतात, हे आमच्या कागदावर नव्हतंच. तो प्रश्न त्याच दिवशी वाढवला.

जत तालुक्यात पूर्वेला गेलात तर कन्नड बोलणारा सोबती हवाच. तिथे मराठी सगळ्यांना कळतं असं धरून चालणं म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि बायकांना वगळणं.

आणि एका प्रश्नात दोन गोष्टी कोंबू नका. "पाणी आणि रस्ते यांबद्दल तुम्ही समाधानी आहात का?" नळाला पाणी येतं पण रस्ता उखडलाय, त्याने काय सांगावं?

१ ते ५ मध्ये गुण द्यायला सांगावं का?

ही पाच पायऱ्यांची पद्धत रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडली. छापील कागदावर ती छान चालते. तोंडी विचारताना पाच पर्याय लक्षात राहत नाहीत, शेवटचा तेवढा राहतो. शिवाय आपल्याकडे "कसं आहे?" याला "चालतंय की" असं उत्तर येतं. त्याचा अर्थ झकास आहे, असाही होतो आणि काय सांगू बाबा, असाही. तो परस्पर 'मध्यम' म्हणून ३ वर लिहिणं ही सरळ चूक.

दोन टप्प्यांत विचारा. आधी, "दवाखान्यातली सोय चांगली वाटते की वाईट?" मग, "लई चांगली का ठीकठाक?" कुठे अडलं तर "मागच्या वेळी गेलात तेव्हा काय झालं?" असं विचारा. शेरा देण्यापेक्षा घडलेलं सांगणं माणसाला सोपं जातं, आणि गावातल्या डॉक्टरबद्दल वाईट बोलल्याचं दडपणही येत नाही.

मागच्या वर्षभराचा खर्च लोकांना आठवतो का?

मोठा खर्च आठवतो, रोजचा नाही. नुसत्या आठवणीच्या मुदतीने आकडे किती हलतात याचं मोठं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९९९-२००० च्या ५५ व्या फेरीत खाण्याचा खर्च मागच्या ३० दिवसांचाही विचारला आणि ७ दिवसांचाही, एकाच बैठकीत. त्यामुळे आधीच्या फेऱ्यांशी तुलना करता येते की नाही, आणि गरिबी खरंच किती घटली, यावर अर्थतज्ज्ञांचे वाद वर्षानुवर्षं चालले.

आपण एवढंच करावं: किराणा, दूध, भाजी आठवड्याची विचारा. कपडे, शाळा, लग्नकार्य वर्षाचं. आणि तारखेऐवजी खुणेचा दिवस धरा. "गेल्या बेंदरापासून" किंवा "गावच्या यात्रेनंतर" म्हटलं की माणूस बरोबर त्या जागी जाऊन उभा राहतो. 'गेल्या बारा महिन्यांत' म्हटलं तर दीड वर्षापूर्वीचं आजारपणही त्यात येऊन बसतं.

सावकारी, दारू, असल्या विषयांवर कोण खरं बोलेल?

आधी एकांत. ओसरीवर चार माणसं जमली असताना कर्जाचा प्रश्न विचारूच नये.

नाव न लिहिणं आणि नाव लिहून गुप्त ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोन नंबर घेतलात तर 'निनावी आहे' असं म्हणू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ चा रोखही असाच आहे: माहिती कशासाठी घेताय ते स्पष्ट सांगा, संमती घ्या, काम झालं की साठवून ठेवू नका. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती असेल तर आईवडिलांची संमती लागते.

माणसं भरपूर असतील तर नाण्याची युक्ती वापरता येते. मूळ कल्पना स्टॅनली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये मांडली, पुढे तिचे सोपे प्रकार निघाले. समोरच्याने आपल्याला न दाखवता नाणं उडवायचं. छापा पडला तर काहीही असो, 'होय' म्हणायचं. काटा पडला तर खरं सांगायचं. प्रश्न समजा, "सावकाराकडून पैसे उचललेत का?" आता 'होय' म्हणणाऱ्याला कर्ज आहे की त्याचा छापा पडला, हे आपल्यालाही कळत नाही. पण समजा २०० जणांना विचारलं आणि १३० 'होय' आले. त्यातले साधारण १०० छाप्याचे. उरलेल्या १०० जणांत ३० खरे 'होय', म्हणजे अंदाजे ३० टक्के. चाळीस माणसांवर हे करू नका, नाण्याचा चढउतारच सगळं गिळून टाकेल. आणि आधी दोन वेळा गंमत म्हणून करून दाखवा: "आज चहा घेतला का?" असा प्रश्न घेऊन. युक्ती समजली की माणूस मोकळा होतो.

तीनशे जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉर्म टाकला, चाळीसच उत्तरं आली. काय चुकलं?

ग्रुपवर टाकलेलं काम कुणाचंच नसतं. तोच फॉर्म वीस जणांना नावाने पाठवा: "वहिनी, तुमच्या गल्लीचं उत्तर अजून आलं नाही, आज संध्याकाळी भराल का?" तीन-चार दिवसांनी एकदा आठवण करा, आणखी आठवड्याने शेवटची. त्यापुढे नको.

फॉर्मचं सेटिंगही बघा. गुगल फॉर्ममध्ये 'एकदाच उत्तर' चालू केलं किंवा फोटो जोडायला सांगितला तर आधी खात्यात साइन इन करावं लागतं. पासवर्ड मुलाला माहीत, मुलगा पुण्याला. फॉर्म तिथेच थांबतो. प्रत्येक प्रश्नाला लाल चांदणी लावून सक्तीचा करू नका. एका नको असलेल्या प्रश्नापायी माणूस अख्खा फॉर्म सोडतो.

पण खरी काळजी त्या चाळीस जणांची करा. ते कोण आहेत? १९३६ मध्ये अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. पत्ते घेतले फोन आणि मोटारी असणाऱ्यांच्या याद्यांतून. तेवीस लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यांनी लँडन जिंकणार असं सांगितलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. ज्यांच्याकडे फोन नव्हता ते यादीतच नव्हते, आणि यादीतल्यांपैकी ज्यांना तळमळ होती त्यांनीच उत्तरं धाडली. आपल्या ग्रुपचंही तसंच आहे. ऊसतोडीला आलेलं कुटुंब, म्हातारं जोडपं, बटण फोनवाला गडी त्यात नाही. मोबाइलवर जे आले ते घ्या, आणि उरलेल्यांच्या दारात जा.

फोन करून विचारलं तर?

ओळख नसेल तर फार अपेक्षा ठेवू नका. अमेरिकेत प्यू संशोधन केंद्राच्या फोनवरच्या पाहण्यांना १९९७ मध्ये ३६ टक्के लोक प्रतिसाद देत, २०१८ मध्ये ६ टक्के. आपल्याकडे फसवणुकीच्या फोनांनी लोक आधीच धास्तावलेत. आशाताई किंवा वाचनालयाचे ग्रंथपाल अशा ओळखीच्या माणसाने आदल्या दिवशी कानावर घातलं असेल तर मात्र फोन उचलला जातो.

काही भेट द्यावी का?

द्यावी, पण आधी. टपालाच्या सर्वेक्षणांत पुन्हा पुन्हा दिसलंय की 'भरून पाठवा, मग मोठी रक्कम देऊ' यापेक्षा पाकिटातच घातलेली छोटी रक्कम जास्त उत्तरं आणते. पैसे वाटा असं मी म्हणत नाही. आम्ही एक पानी कागद देतो: किती फुटाला कुठल्या भागात पाणी शिरतं, निवारा कुठे, कुणाला फोन करायचा. प्रश्न विचारण्याआधी हातात ठेवतो. कुणी उत्तर दिलं नाही तरी तो परत घेत नाही.

कधी जावं?

शेतावरच्या कामांचं वेळापत्रक बघून. तासगाव, पलूसकडे ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत द्राक्षवाल्याला गाठू नका. जानेवारीपासून माल निघतो, मग बेदाण्याचं शेड. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद शिजवायची धांदल. सकाळ-संध्याकाळ दुधाची वेळ टाळा, नाहीतर डेअरीच्या रांगेतच जाऊन बोला. शेताला रात्रीची लाइट असेल त्या आठवड्यात माणूस रात्रभर मोटारीपाशी असतो, दुपारी झोपतो. त्याला उठवून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर काय येणार? विट्याकडची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळणारी कुटुंबं देशभर विखुरलेली आहेत, ती भेटायची असतील तर यात्रा आणि सुट्ट्यांचे दिवस धरा.

किती जणांना विचारलं म्हणजे पुरे?

चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कुणालाही संधी मिळेल अशी निवड केली असेल तर ४०० जणांत आलेली टक्केवारी खऱ्या टक्केवारीपेक्षा साधारण पाचाने वर-खाली असू शकते, हजारांत तीनाने. पारावर बसलेल्यांनाच विचारलंत तर हजारही कमीच.

कुणी स्पष्ट नाही म्हणालं तर?

"बरं काका, येतो" म्हणून निघा. वहीत 'नकार' लिहा आणि घर कुठल्या आळीतलं तेवढं लिहा. एकाच आळीतून नकार येत असतील तर तिथे आधी काहीतरी घडलेलं असतं. ते समजून घ्या.

प्रश्नावली आधी तपासायची कशी?

मित्रांवर नको, ते सांभाळून घेतात. गावातल्याच पाच-सहा जणांना विचारा, आणि प्रत्येक प्रश्नानंतर, "मी काय विचारलं, ते तुमच्या शब्दांत सांगा बघू." एकदा आम्ही विचारलं होतं, "तुमच्या भागात आपत्ती व्यवस्थापन समिती आहे का?" एक मामा म्हणाले, "म्हंजे आमची पोरं दोर घिऊन जात्यात, ती का?" तीच. तेव्हापासून प्रश्न असा झाला: "पूर आला की तुमच्या गल्लीत कोण धावून येतं?"

निकाल लोकांना परत सांगायलाच हवेत का? वेळ आणि पैसा संपलेला असतो.

तो आधीच बाजूला काढून ठेवा. शंभर पानांचा अहवाल नको. मोठ्या अक्षरांत एक कार्डशीट, त्यावर चार गोष्टी: किती घरांत विचारलं, काय निघालं, कुणाकडे पाठवलं, पुढे कधी कळेल. वरून काही उत्तर आलं नाही तर तेही सांगायचं.

पहिल्यांदा आम्ही हे केलं तेव्हा संध्याकाळी पारावर वीस-पंचवीस माणसं होती. गल्लीवार नकाशा टांगला, खबर कुठे आधी पोचते, कुठे उशिरा, ते वाचून दाखवलं. मागच्या बाजूला बसलेला एक गडी उठला, नकाशाजवळ आला, बोट ठेवलं आणि म्हणाला, "हितं तुम्ही आलाच न्हाईसा. सगळ्यात आधी पाणी आमच्यात शिरतंय."

ते बोळ ओढ्याच्या कडेला होतं. यादी घरपट्टीवरून काढलेली, आणि त्या अकरा झोपड्यांना घरपट्टीच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालून लोक परतल्यावर आम्ही तिथे गेलो. तो गडी बोळाच्या तोंडाशी थांबला होता. त्याने आम्हाला घर न् घर दाखवलं.